लुटीचा सातबारा

रोडपालीत राहतो असं सांगितलं की समोरचा दोन प्रश्न विचारतो. पहिला, हे नक्की कुठे आलं? दुसरा, म्हणजे कळंबोलीच ना? पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात येत असल्यामुळे मला फारसं बोलावं लागत नाही. नावातला ‘रोड’ इंग्रजी असावा असा पाहुण्यांचा समज असतो. पावसाळ्यात एकदा येऊन गेले की तो दूर होतो. मग त्यांच्यातला एखादा मराठीचा जाणकार सांगतो, रोड म्हणजे बारीक, किडकिडीत. राहिल्या पाली. आमच्या जिन्यातल्या पाली चांगल्या धष्टपुष्ट आहेत. तळोज्याची हवा त्यांना मानवलेली दिसते.

हे सगळं पँडोराच्या निमित्ताने. पँडोरा हा ‘बॉर्डरलँड्स’ नावाच्या व्हिडिओ गेममधला ग्रह आहे आणि गेली पंधरा वर्षं माझा एक पाय तिथे आहे. दुसरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात असतो, कारण पगार तिथे मिळतो. वय चाळीस. चष्मा आहे, ॲसिडिटी आहे, आणि लेव्हल पन्नासचा एक कमांडो आहे.

ज्यांचा या जगाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला भाग ऑक्टोबर 2009 मध्ये आला. टेक्सासमधल्या गिअरबॉक्स कंपनीने तो तयार केला. खेळ बंदुकीचा, पण त्यातला माणूस आपण घडवत न्यायचा. गोळ्या झाडून अनुभव मिळतो, अनुभवाने लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की नवं कसब येतं. नोकरीसारखंच, फक्त इथे बढती वेळेवर होते. शत्रू मेला की त्याच्यातून बंदुका, ढाली, पैसे फुलबाजीसारखे उडतात. ती लूट. लुटीला रंग असतात. पांढरी म्हणजे रेशनची. हिरवी जरा बरी, निळी दुर्मीळ, जांभळी त्याहून, आणि केशरी म्हणजे ‘लेजंडरी’. जमिनीतून केशरी झोत वर गेलेला दिसला की चाळिशीतल्या माणसाच्या छातीत जे होतं ते डॉक्टरला सांगण्यासारखं नसतं.

बंदुका कोणी एकेक बसून काढत नाही. नळी इथली, दस्ता तिथला, दुर्बीण तिसरीकडची असे तुकडे जोडून यंत्रच त्या बनवतं. पहिल्या भागात अशा पावणेदोन कोटींहून जास्त बंदुका निघतात, अशी नोंद झाली. तिसऱ्या भागात कंपनी शंभर कोटींच्या वर गेली आणि चौथ्यात तीन हजार कोटींच्या. माझ्या आईकडे स्टीलचे चाळीस डबे आहेत आणि त्यातले सहाच वापरात आहेत, त्यामुळे हा प्रकार आमच्या घरात नवा नव्हता. पिशवीत जागा संपते, टाकवत काही नाही, आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत माणूस नव्वद बंदुका घेऊन फिरतो. चालवतो एकच.

आता पँडोराचं. तिथे कुठेतरी ‘व्हॉल्ट’, म्हणजे परग्रहवासीयांची तिजोरी पुरलेली आहे. ती हाताला लागेल म्हणून मोठाली कंपनी येते, खाणीत राबायला कैदी आणते, आणि काही जमत नाही म्हटल्यावर यंत्रं, पत्रे, पिंपं आणि कैदी तिथेच टाकून निघून जाते. मागे राहिलेले त्याच पत्र्यांची घरं करतात आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडतात. गोळ्या वजा केल्या तर मला हा प्रदेश परका वाटलाच नाही. मुंब्रा–पनवेल रस्त्याला लागलं की एका हाताला ट्रेलरच्या रांगा, दुसऱ्या हाताला तळोज्याच्या चिमण्या, मध्ये धूळ, आणि संध्याकाळी वारा फिरला की येणारा तो वास, ज्याचं नाव रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला विचारावं लागेल. आमचे बाबा आयुष्यभर लोखंड बाजारात होते. पहिल्यांदा त्यांनी पडद्यावर पँडोरा पाहिली तेव्हा डाकू, राक्षस, तोफा यांपैकी कशाकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही. डाकूंच्या किल्ल्याकडे बघून ते म्हणाले, “पत्रा चांगला आहे. दोन टन सहज निघेल.”

निळ्या रंगाचंही तसंच. गेममध्ये निळा म्हणजे दुर्मीळ हे मी वर सांगितलंच. ऑगस्ट 2017 मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत खरोखरचे निळे कुत्रे फिरताना दिसले. रंगाचं सांडपाणी कासाडी नदीत जात होतं आणि कुत्री त्यात उतरत होती. फोटो देशभर छापून आले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर कारवाई केली. आम्हाला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण धाकट्या भावाचा मेसेज आला होता तो असा: ‘दादा, रेअर ड्रॉप.’

या भावाची ओळख करून द्यायला हवी, कारण हा लेख गेमबद्दल असला तरी सगळा घोळ त्याचा आहे. माझ्यापेक्षा तो पाच वर्षांनी लहान. 2011 साली आम्ही दोघांनी पैसे काढून एक वापरलेलं प्लेस्टेशन थ्री घेतलं. सोबत दोन कंट्रोलर मिळाले, त्यातल्या एकाचं बटण मध्येच दाबल्याशिवाय दबायचं. तो त्याच्याकडे. ‘बॉर्डरलँड्स’ची मोठी सोय म्हणजे एका टीव्हीवर दोघांना खेळता येतं; पडदा मधोमध आडवा कापला जातो. वरचा अर्धा मोठ्या भावाचा, खालचा धाकट्याचा. त्याची वाढलेली मान आज फिजिओथेरपिस्टला दाखवावी लागते ती त्या दिवसांमुळे, असं तो म्हणतो. माझं म्हणणं, खालचं बघायला मान वाढत नाही, वाकते.

लूट मात्र अर्धी कापलेली नव्हती. ती पडायची दोघांच्या मध्ये आणि उचलेल त्याची. जगातल्या कुठल्याही शास्त्रात न बसणारी ही व्यवस्था ज्याने काढली त्याला सख्खा भाऊ नसावा. राक्षस मारायला तीन मिनिटं लागत आणि लुटीवरून भांडायला अर्धा तास. “दादा, ती माझी होती.” “तू मेला होतास.” “मेलो होतो म्हणून काय झालं?” या गेममध्ये मरण ही बारीकशी गैरसोय आहे. खिशातल्या पैशांतले 7 टक्के कापून यंत्र आपल्याला जवळच्या खांबापाशी पुन्हा उभं करतं. त्यामुळे भावाच्या प्रश्नात तथ्य होतं आणि मी ते कधीच मान्य केलं नाही.

दुसरा भाग आला सप्टेंबर 2012 मध्ये आणि त्याने आमचं पुरतं वाटोळं केलं. कारण हँडसम जॅक. मी बरेच खलनायक बघितले आहेत, निळू फुलेंच्या सिनेमांवर वाढलेल्या घरातला आहे मी, तरी हा वेगळा. आपण खलनायक आहोत हे जॅकला माहीतच नाही. त्याच्या हिशेबाने तो नायक, ग्रह सुधारायला निघालेला, आणि आपण डाकू. तो समोर फारसा येत नाही. फोन करतो. आपण गोळ्या चुकवत पळत असतो आणि हा कानात सांगत असतो की त्याने हिऱ्यांचा घोडा घेतलाय. बोलता बोलता काहीतरी कुरकुरीत खातो, आपला अपमान करतो आणि फोन ठेवतो. प्रत्येक घराण्यात असा एक जावई असतो, ज्याचा फोन लग्नाच्या आदल्या दिवशीच येतो.

बाकीची मंडळीही तितकीच ओळखीची. मार्कस बंदुका विकतो आणि पैसे परत मागितलेले त्याला खपत नाहीत. पनवेलच्या कापड दुकानांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वाचत मोठा झालेल्याला यात ग्रहताऱ्यांचं काही दिसत नाही. डॉक्टर झेडकडे परवाना नाही, दवाखाना जोरात. क्लॅपट्रॅप नावाचा एकचाकी पिवळा रोबो सतत बडबडतो, स्वतःला सेनापती समजतो, आणि जिना आला की संपला. लिफ्ट बंद असलेल्या दिवशी आमच्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर असे सहा सेनापती अडकलेले असतात.

दुसऱ्या भागाच्या शेवटी ‘वॉरिअर’ नावाचा डोंगराएवढा राक्षस आहे. तो मेला की त्याच्यातून कधीकधी, नशीब असेल तर, एक केशरी शॉटगन पडते. तिचं नाव ‘कॉन्फरन्स कॉल’. गोळी एक मारली की तिला वाटेत पोरं होतात. ही बंदूक मिळवायला वॉरिअर पुन्हा पुन्हा मारावा लागतो. याला गेमवाल्यांच्या भाषेत ‘फार्मिंग’ म्हणतात. रोडपालीची भातशेती सिडकोने नवी मुंबईसाठी कधीच घेतली, मोबदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती उठल्या, आणि त्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं भाऊ रात्री एक वाजेपर्यंत शेती करत होतो. आई दार ढकलून विचारायची, “मेला का तो?” आम्ही सांगायचो, “मेला, पण काही निघालं नाही.” शेतकऱ्याच्या घरातलं संभाषण याहून वेगळं नसतं.

एक्केचाळिसाव्या वेळी निघाली. मी खिडकी लावायला उठलो होतो, पाऊस आत येत होता. परत येऊन बसेपर्यंत भावाने ती उचलून पाठीवर लटकवली होती. मी काही बोललो नाही. आठ दिवस.

यापुढे मालिकेबद्दल माझ्या मनात जे चालतं त्याला प्रेम म्हणावं की सवय, ठरत नाही. जॅकला कंपनीने दुसऱ्या भागातच मारला आणि मग पश्चात्ताप झाल्यासारखं दर वेळी त्याला परत बोलावत राहिली. 2014 च्या ‘प्री-सिक्वेल’मध्ये त्याची तरुणपणाची गोष्ट, चंद्रावर, श्वास घ्यायला बाटल्या शोधत. ‘टेल्स’मध्ये तो एकाच्या डोक्यात शिरून बसतो. तिसऱ्या भागात त्याचा जुगाराचा अड्डा. पितृपक्षातही आम्ही वर्षातून एकदाच पान वाढतो.

मधल्या काळात इथे आणखी एक मालिका चालू होती. पेंधरपर्यंतच्या मेट्रोचं काम सुरू झालं 2011 मध्ये, ज्या वर्षी आम्ही प्लेस्टेशन घेतलं. ती धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. तेवढ्यात दुसरा भाग झाला, प्री-सिक्वेल झाला, तिसरा झाला, टायनी टीना नावाच्या स्फोटक पोरीचा स्वतंत्र भाग झाला. त्यामुळे पुढचा भाग लांबला म्हणून जगभरचे चाहते आदळआपट करतात तेव्हा मी शांत असतो. व्हॉल्टचंही मला नवल वाटत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी तिजोरी उघडते आणि आतून खजिना निघत नाही, शेपट्या वळवळणारा एक राक्षस निघतो. अनेकांना तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. आम्ही मात्र वर्षानुवर्षं ‘विमानतळापासून अवघ्या काही मिनिटांवर’ असे फलक वाचत राहिलेली माणसं. आपल्या गावाजवळ काहीतरी पुरलेलं आहे, ते उघडलं की सगळ्यांचं भलं होणार, फक्त तोवर हप्ते भरत राहा, ही कथा आम्हाला गिअरबॉक्सने सांगायची गरज नव्हती. विमानतळ आता उघडलाय, विमानं डिसेंबर 2025 पासून उडतात. आतून राक्षस निघालेला नाही. आमच्या घराचं भाडं मात्र घरमालकाने वाढवलं.

हो, आम्ही भाड्यानेच राहतो. साडेबारा टक्के दुसऱ्यांचे.

तिसरा भाग सप्टेंबर 2019 मध्ये आला तेव्हा भाऊ कॅलगरीला जाऊन वर्ष झालं होतं. माझ्या रविवारी सकाळी साडेसातला त्याचे शनिवारचे रात्रीचे आठ वाजतात. मी चहा घेऊन बसायचो, तो जेवून. आता पडदे दोन, मध्ये समुद्र. या भागात खलनायक म्हणून जुळी भावंडं आहेत, जी प्रेक्षकांना अनुयायी व्हा म्हणून सांगत व्हिडिओ करतात. कल्पना बरी, पण त्यांची बडबड ऐकताना सारखं वाटत राहतं की आवाज शेजारच्या घरातून येतोय. जुन्या माणसांपैकी मायाला त्यांनी ज्या घाईने मारलं ते मला अजून पटलेलं नाही. बंदुका मात्र अशा सुंदर की बोलायची सोय नाही. पाय फुटून शत्रूच्या मागे धावणारी बंदूकसुद्धा आहे.

पण खरी गोष्ट वेगळीच घडली. या भागात कंपनीने लुटीची वाटणी करून दिली. राक्षस मेला की माझ्या पडद्यावर माझी लूट, त्याच्या पडद्यावर त्याची. मला त्याची दिसत नाही, त्याला माझी दिसत नाही. सातबारा वेगळा झाला. लोकांनी स्वागत केलं, समीक्षकांनी याला शहाणपण म्हटलं, आणि आहेच ते शहाणपण. जुनी पद्धत हवी असेल तर तीही सेटिंगमध्ये ठेवली होती, पण आपण होऊन भांडण कोण चालू करतो? आम्ही वाटणीचा पर्याय घेतला. खेळ गुण्यागोविंदाने चालला. “काय मिळालं?” “शील्ड मिळालं.” “बरं.” असं दोन महिने चाललं. मग दर रविवारचं पंधरवड्यावर गेलं, पंधरवड्याचं महिन्यावर. कोणी रुसलं नाही, कोणी दुखावलं नाही. नुसतं हळूहळू थांबलं. आमच्या चुलत्यांचंही शेत मोजून दगड रोवल्यावर असंच झालं होतं. बांधावरची कुरबुर गेली आणि बरोबर दिवाळीचं येणंजाणंही गेलं.

2024 मध्ये सिनेमा निघाला. केट ब्लँचेट लिलिथ झाली, आणि रोलंडसारख्या गंभीर सैनिकाच्या भूमिकेत केव्हिन हार्ट, म्हणजे जन्मजात विनोदवीर. जगभर तो दणकून आपटला. मी घरी बसून तोंड वाकडं करत पाहिला. पंधरा वर्षं मी बायकोला या जगात ओढायचा प्रयत्न करतोय आणि तिने एकदाही कंट्रोलर हातात धरलेला नाही. ती शेवटपर्यंत बघत होती. संपल्यावर म्हणाली, “अहो, छान आहे की. याचा पुढचा भाग कधी येतोय?”

चौथा भाग आला 12 सप्टेंबर 2025 ला. त्याआधी मे महिन्यात, किंमत 80 डॉलर होणार का असं एकाने विचारल्यावर कंपनीचे प्रमुख रँडी पिचफर्ड यांनी सांगितलं होतं की ते त्यांच्या हातात नाही, पण खरा चाहता काहीतरी जुळवतोच. स्वतःचा दाखलाही दिला: 1991 मध्ये आइस्क्रीमच्या दुकानात तुटपुंज्या मजुरीवर काम करताना त्यांनी 80 डॉलरचा एक गेम घेतला होता. हे गृहस्थ मुळात जादूगार, त्यामुळे समोरच्याच्या खिशातून पैसे कसे निघतात याचं त्यांना कुतूहल असणारच. लोक भडकले. शेवटी किंमत 70 डॉलरवर थांबली. मी भडकणाऱ्यांतही होतो आणि जुळवणाऱ्यांतही.

आणि आता माझ्यातल्या चाहत्याचं खरं रूप ऐका. तिसऱ्या भागात विनोद फार झाले, पांचट झाले, अशी तक्रार मी सहा वर्षं केली. चौथ्यात त्यांनी विनोद कमी केले. कैरॉस नावाचा नवा ग्रह, टाइमकीपर नावाचा शिस्तप्रिय हुकूमशहा, सगळं जरा गंभीर, बंदुकबाजी आजवरची सर्वोत्तम. तर मी दुसऱ्याच संध्याकाळी पुटपुटलो, “यात मजा नाही राहिली.” क्लॅपट्रॅपचा आवाज बंद करायची सोय असावी असं वाटायचं, तो कमी बोलायला लागला तर त्याची तब्येत बरी आहे ना अशी काळजी वाटते. कंपनीने माझ्यासारख्यासाठी नेमकं काय करावं? माझं उत्तर आहे: मला सत्तावीस वर्षांचा करून वरच्या अर्ध्या पडद्यासमोर बसवावं. हे 70 डॉलरमध्ये बसत नसावं.

मागच्या महिन्यात बाबांच्या वर्षश्राद्धासाठी भावाला यायला जमलं नाही. रात्री फोनवर दोघंही जरा गप्पच होतो. बोलायचं ते बोलून झालं होतं. मग तोच म्हणाला, “दादा, दुसरा भाग डाऊनलोड करतोस का? तिथे वाटणी नाहीये.”

रविवारी सकाळी साडेसातला बसलो. ग्राफिक्स आता जुनाट वाटतं, डाकूंचा किल्ला तसाच उभा आहे. पत्रा खरोखरच चांगला आहे, दोन टन निघेल. जॅकने फोन केला, घोड्याचं सांगितलं. वॉरिअर मारला. काही निघालं नाही. पुन्हा मारला. नवव्या वेळी झोत दिसला, केशरी. माझं नेट नेमकं तेव्हा अडकलं. पडदा परत हलायला लागला तोवर जमीन मोकळी होती.

“दादा, मी काही घेतलं नाही हां.”

“दाखव पाठ.”

पुढचं भांडण एक तास सात मिनिटं चाललं. त्यात 2013 चा पाऊस आला, खिडकी आली, नादुरुस्त कंट्रोलर आला, आणि मध्येच आईने फोन हिसकावून त्याला झाप झाप झापलं, कशावरून ते तिलाही माहीत नव्हतं. पुढच्या रविवारची वेळ ठरली आहे.

कॉन्फरन्स कॉल अजून त्याच्याकडेच आहे. दोन्ही.